आधी रिकाम्या फ्लोअरसमोर वाजवून दाखव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या वाचकपत्रांत चिंचवडच्या एका गृहस्थांचं पत्र वाचलं. मुलाने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, साठ हजार भरून डीजेचा कोर्स लावला आणि आता दिवसभर खोलीचं दार लावून बसतो, असं त्यांनी लिहिलंय. शेवटी विचारलंय, 'दुसऱ्यांनी केलेली गाणी एकामागून एक लावायची, यात मेहनत ती कसली?' पत्रात चिडचिड आहे, पण तिच्याखाली काळजी आहे हे कळतं. माझ्या वडिलांनी हाच प्रश्न २००४ साली विचारला होता. फरक एवढाच की त्यांनी वर्तमानपत्राला न कळवता थेट मला विचारला, आणि तोही मी ताटावर बसलो असताना.

मी एकवीस वर्षं हे काम करतोय. पुण्यातल्या तीन क्लबांत रेसिडेंट डीजे होतो, आता चौथ्यात आहे. रेसिडेंट म्हणजे घरचा माणूस. बाहेरून येतो तो पाहुणा; त्याचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात. आमचं असलंच तर खाली, दारूच्या ऑफरच्या शेजारी.

उत्तराआधी एक तक्रार तुमच्याचबद्दल, म्हणजे सगळ्याच मराठी वर्तमानपत्रांबद्दल. गणपती जवळ आले की 'डीजेचा दणदणाट', 'डीजेमुक्त मिरवणूक', 'दोन डीजे जप्त' अशा बातम्या सुरू होतात. अहो, डीजे म्हणजे डिस्क जॉकी. तो माणूस असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खोक्यावर खोकं रचून उभी करतात ती स्पीकरची भिंत. तिच्यावर कारवाई करा, माझी ना नाही, त्या भिंतीशेजारून जाताना मीही कानांवर हात ठेवतो. पण 'दोन डीजे जप्त' हे वाचून एका वर्षी माझ्या आईने सकाळी सात वाजता फोन करून मी कुठे आहे ते विचारलं होतं.

आता मेहनतीचं. माझ्या मामांचं खडकीत लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, बारसं, सत्यनारायण, निवडणुकीची रिक्षा, सगळीकडे मामांचे कर्णे आणि आहुजाचा अँप्लिफायर. चौदाव्या वर्षापासून मी सुट्टीत तिथे जायचो. पहिली दोन वर्षं मला फक्त वायर गुंडाळू दिली. कोपरावर गुंडाळली की मामा सगळी सोडायला लावायचे, कारण त्याने वायरला पीळ बसतो आणि आतली तार तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा, अशी गुंडाळायची, मग फेकली की सरळ पडते. आजही क्लबात कुणी कोपरावर वायर गुंडाळताना दिसला की माझा हात पुढे जातो. मामांना फाटलेला आवाज तीन गल्ल्यांवरून ओळखू यायचा. मिक्सरवरचे लाल दिवे पेटलेले ठेवून छाती फुगवणारी पोरं आज बघतो तेव्हा मामा आठवतात. लाल दिवा म्हणजे आवाज वरून कापला जातोय, आणि असाच कापत राहिला तर स्पीकरची कॉइल जळते. त्यात शौर्य काही नाही, नुसतं बिल आहे.

कॉलेजात असताना ढोलपथकात शिरलो. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात सराव. ढोल खांद्यापेक्षा कमरेला जड लागतो. ताशाकडे कान ठेवून ठेका धरायचा, शेजारचा पळायला लागला तरी आपण पळायचं नाही. हे लिहितोय कारण डीजेचं अर्धं काम हेच आहे. एक गाणं मिनिटाला १२४ ठोक्यांचं आणि दुसरं १२८ चं असेल, तर दुसरं तीन टक्क्यांच्या आसपास हळू करायचं, हेडफोन एका कानाला लावून त्याचा ठोका पहिल्याच्या ठोक्यावर बसवायचा आणि मगच ते लोकांपुढे सोडायचं. नुसता ठोका बसून भागत नाही. या संगीतात चार ठोक्यांचा एक बार आणि बहुतेक वेळा आठ बारांचं एक आवर्तन असतं. बत्तीस ठोके मोजायचे आणि समेवर सोडायचं. तबला ऐकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मध्येच कुठेतरी सोडलं तर नाचणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण त्याचा पाय अडखळतो. आणि दोन गाण्यांचे बेस एकाच वेळी चालू ठेवले तर सगळा चिखल होतो. एकाचा खालचा आवाज उतरवायचा, त्याच क्षणी दुसऱ्याचा चढवायचा.

हे मी शिकलो एका हॉटेलच्या तळघरातल्या डिस्कोथेकमध्ये. तिथले रेसिडेंट, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, त्यांनी मला दुपारी चार ते सात कन्सोल, म्हणजे डीजेची यंत्रं मांडलेलं टेबल, वापरू दिला. बदल्यात झाडलोट सोडून बाकी सगळी कामं. क्लब दिवसा कसा दिसतो हे कोर्सच्या जाहिरातीत नसतं. लख्ख ट्यूबलाइट, टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, बंद एसी, फिनेल आणि काल सांडलेली बिअर यांचा मिळून एक वास. मी पीएमटीने यायचो, तीन तास सराव करायचो आणि शर्टाला तो वास घेऊन घरी जायचो. आईला वाटायचं पोरगा प्यायला लागला. सात महिने एक पैसा मिळाला नाही. दादांच्या घरी टेक्निक्सच्या एसएल-१२०० या टर्नटेबलची, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राची, जोडी होती. हे मशीन १९७२ साली आलं. त्याची मोटर थेट थाळीखाली असते, मध्ये रबरी पट्टा नसतो, म्हणून थाळी बोटाने थांबवून सोडली की लगेच वेग धरते. रविवारी सकाळी त्यावर हात बसवायचो. दादांची मुलगी त्याच खोलीत बसून पाढे पाठ करायची.

मग २००५ च्या पावसाळ्यात, एका बुधवारी, दादांनी मला रात्री नऊ ते अकरा वाजवायला दिलं. याला वॉर्म-अप म्हणतात. क्लब उघडतो तेव्हापासून मुख्य डीजे येईपर्यंतचा वेळ. मला वाटलं, माझी वेळ आली. पावणेदहाला मोजले तर तळघरात अकरा जण होते, त्यातले चार वेटर. मी त्या मोसमातलं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं. दोन मुली उठून नाचल्या. मग मी थांबलो नाही. हातातली सगळी हुकमी पानं टाकली. पावणेअकराला खरी गर्दी जिना उतरायला लागली तेव्हा माझ्याकडे सत्ती-अठ्ठी उरली होती.

अकराला दादा आले. शेजारी उभे राहून त्यांनी पाच मिनिटं ऐकलं, माझं सीडीचं पाकीट चाळलं, कोणत्या सीडी वापरल्यात ते पाहिलं आणि विचारलं, "आता मी काय वाजवू?"

रागाने नाही विचारलं. खरंच विचारत होते. तीच गाणी पुन्हा लावली तर लोक हसतील, न लावली तर ज्यासाठी आलेत ते मिळणार नाही. त्या रात्री फ्लोअर साडेबारापर्यंत भरलाच नाही आणि मालक केबिनमधून दोनदा बाहेर येऊन गेले. बोलणी दादांनी खाल्ली. माझं नाव घेतलं नाही.

पुढच्या बुधवारी त्यांनी माझ्या पाकिटातून चाळीसेक सीडी काढल्या, ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. "सहा महिने यांना हात लावायचा नाही." मग उरलं काय? संथ, अनोळखी, बरीचशी गायनाशिवायची गाणी. सुरुवातीला शिक्षा वाटली. दोन-तीन आठवड्यांत कळायला लागलं की नऊ वाजता आलेल्या माणसाला नाचायचं नसतंच. त्याला बसायचं असतं, ऑफिस अंगावरून उतरवायचं असतं, समोरच्याशी बोलायचं असतं. आवाज इतकाच हवा की त्याला ओरडावं लागू नये. त्याच्याकडे बघायचं पण चेहऱ्याकडे नाही. मी टेबलांखालचे पाय बघायला शिकलो. माणूस बोलत असतो, हातात ग्लास असतो, चेहऱ्यावर काहीच नसतं, आणि खाली टाच हलायला लागलेली असते. एका टेबलाखाली टाच हलली की वेग अगदी थोडा वाढवायचा, लगेच उडी मारायची नाही. चार टेबलांखाली हलली की मग. सहा महिन्यांनी दादांनी ड्रॉवर उघडला तेव्हा त्यातली निम्मी गाणी मला नकोशी झाली होती.

चिंचवडच्या गृहस्थांना मला हे सांगायचं आहे. हजार माणसांपुढे हात वर करून उभं राहणं कुणालाही जमेल, ती गर्दीच तुम्हाला उचलते. अकरा माणसांपुढे दोन तास, पुढच्या माणसासाठी खोली गरम करून ठेवायची, स्वतः फुटायचं नाही आणि अकरा वाजता मुकाट्याने बाजूला व्हायचं, हे ज्याला जमतं तो टिकतो. मुलाला यशाबद्दल नका विचारू, हे जमतं का ते विचारा.

आपल्याकडे 'त्याला फार अ‍ॅटिट्यूड आहे' असं म्हणतात तेव्हा माज असा अर्थ असतो. आमच्या धंद्यात हा माज बराचसा २००७ नंतर आला. त्या डिसेंबरात गोव्यात कांदोळीला डीजेंचा पहिला सनबर्न महोत्सव झाला. मी म्हापशाच्या रात्रीच्या बसने गेलो होतो. समुद्रकिनाऱ्यावर एवढा स्टेज, एवढी माणसं, आणि मध्ये एकटा डीजे! डोळे दिपले, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर माझ्याकडे शिकायला येणारी पोरं आधी फोटोग्राफरचं विचारू लागली. लोगो तयार, पानभर इंग्रजी परिचय तयार, गाणी मात्र मित्राच्या पेनड्राइव्हवरून उचललेली, एकदाही शेवटपर्यंत न ऐकलेली.

या पोरांना मी फ्रँकी नकल्सची गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कचा पोरगा. शिकागोत १९७७ साली वेअरहाउस नावाचा क्लब निघाला तेव्हा मालकाने आधी त्याच्या मित्राला, लॅरी लेव्हनला विचारलं होतं. लॅरीने न्यूयॉर्क सोडायला नकार दिला, म्हणून फ्रँकी गेला. म्हणजे दुसरी पसंती. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण, ज्यांना इतर ठिकाणी दारावरच अडवायचे. फ्रँकी त्याच जागी आठवड्यामागून आठवडे वाजवत राहिला. जुन्या डिस्को गाण्यांच्या टेपा कापून, जोडून, ठोक्यांचा भाग लांबवून त्याने त्या गर्दीला हवं तसं संगीत घडवलं. शिकागोत लोक रेकॉर्डच्या दुकानात जाऊन 'वेअरहाउसमध्ये वाजतं तसलं' मागायचे. त्यातून 'हाउस' हे नाव पडलं. आज जगभरच्या क्लबांत जे हाउस म्युझिक वाजतं, त्याचं बारसं असं एका इमारतीवरून आणि एका रेसिडेंटवरून झालं. इकडे लॅरी न्यूयॉर्कच्या पॅरडाइज गराजमध्ये १९८७ ला क्लब बंद होईपर्यंत रेसिडेंटच होता. माझा हा किस्सा पोरं मान हलवत ऐकतात आणि मग विचारतात, सर, पण त्यांचे फॉलोअर्स?

आता यंत्र बरंच काही करतं हे कबूल. नव्या प्लेअरवर सिंक नावाचं बटण असतं, ते दाबलं की दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळतो. मी ज्यासाठी सात महिने घातले ते काम एका बोटाचं झालं. जुने डीजे यावरून अजून भांडतात. मी भांडत नाही, कधीकधी वापरतोही. कोणतं गाणं, कधी, आणि कधी नाही, याचं बटण निघालेलं नाही. पेनड्राइव्हवर चार हजार गाणी असतात, रात्रीतून सत्तर-ऐंशी वाजतात. दुपारी दोन तास ही गाणी ऐकून बाजूला काढण्यात जातात. बायको म्हणते, याच्या कामाला जाण्याआधीच काम असतं.

आणि रात्री बघायचं काय काय! बायका फ्लोअरवरून उठल्या की दहा मिनिटांत पुरुष पांगतात. लोक तासभर सलग नाचत राहिले तर बार रिकामा पडतो आणि मालकाच्या कपाळावर आठी येते, म्हणून मुद्दाम एक उतार द्यायचा, लोक ग्लास भरायला जातात, मग परत चढण. वाढदिवसवाला ग्रुप मोबाइलवर गाण्याचं नाव टाइप करून स्क्रीन डोळ्यांत खुपसतो. कुणी पाचशेची नोट पुढे करतो. नोट घेतली की त्या रात्रीपुरते तुम्ही ज्यूकबॉक्स झालात. फटकारलं तर भांडण. हसून 'दादा, लाइनीत आहे' म्हणायचं आणि खरंच बघायचं की ते कुठे बसतंय का. कारण मागणाऱ्यालाही कधीकधी खोलीतलं आपल्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. हे मला उशिरा पटलं. मीसुद्धा बरीच वर्षं मराठी गाणं लावायचं नाही असा माज केला होता. आपला क्लब इंग्रजी, आपण हाउसवाले. २०१६ च्या उन्हाळ्यात एका मराठी चित्रपटाचं गाणं कोरेगाव पार्कातली मराठी न येणारी पोरंही मागायला लागली. मी तीन शनिवार टाळलं. चौथ्या शनिवारी लावलं तर किचनमधला आचारी टोपीसकट दारात येऊन उभा राहिला. सहा वर्षं तो त्या क्लबात होता, तोवर मी त्याला फ्लोअरकडे तोंड केलेलं पाहिलं नव्हतं.

वाईट बाजूही सांगतो, नाहीतर जाहिरात केल्यासारखं होईल. पहिली म्हणजे फुकटची दारू. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या पाच जणांपैकी आज मी एकटा वाजवतो. दोघांना दारूने नेलं, म्हणजे धंद्यातून नेलं, जिवंत आहेत. मी कन्सोलवर लिंबूसरबत पितो, बारमन ते व्हिस्कीच्या ग्लासात देतो म्हणजे कुणी आग्रह करत नाही.

दुसरी बाजू कान. पस्तिशीत डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली, कुकर लांब कुठेतरी होत असल्यासारखी. डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला, चार हजार हर्ट्झपाशी खड्डा. आवाजाने कान बिघडतो तेव्हा बहुधा तिथेच पडतो म्हणाले. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा की ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालेल, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मी शंभरच्या आसपास रात्रीचे चार तास, तेही दहाएक वर्षं काढली होती. गेलेलं परत येत नाही. आता कानाच्या मापाचे बोळे घालतो आणि बूथमधला मॉनिटर, म्हणजे माझ्याकडे तोंड केलेला स्पीकर, कमी ठेवतो. शिट्टी आहेच. हे पत्र लिहितानाही आहे.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीला रात्रीचे चारशे आणि स्टाफबरोबर डाळ-भात. आज घर चालतं, मुलीची फी वेळेवर जाते, गाडी जुनी आहे. बड्या महोत्सवांत वाजवणाऱ्यांचे आकडे ऐकून मुलांनी आमच्याकडे येऊ नये. आणि कमाई बेभरवशाची. मार्च २०२० मध्ये क्लब बंद झाले तेव्हा मी वर्षभर मामांच्या दुकानात परत गेलो. दुकान आता मामेभाऊ बघतो. पन्नास माणसांच्या लग्नात दोन स्पीकर लावायचे आणि संपलं की वायर गुंडाळायची. त्याला अजूनही कोपरावर गुंडाळायची सवय आहे.

वडील २०१२ मध्ये एकदा क्लबात आले होते. साडेनऊला, कारण त्यानंतर त्यांना झोप येते. कोपऱ्यात सोडा घेऊन अर्धा तास बसले. घरी जाताना म्हणाले, "गर्दी नाही रे तुझ्याकडे." मी काही बोललो नाही. पण त्यांची टाच हलत होती, मी पाहिली होती.

तर चिंचवडच्या त्या गृहस्थांना माझा निरोप पोचवा. माझा पत्ता कार्यालयात ठेवला आहे. नाव मात्र छापू नये, मालक वर्तमानपत्र वाचतात आणि उताराचं गुपित मी वर फोडलंय. मंगळवारी आमच्याकडे गर्दी नसते. मुलाला दुपारी साडेतीनला पाठवा. पहिले काही आठवडे वायर गुंडाळावी लागेल आणि कानाचे बोळे त्याने स्वतःचे आणावेत. तुम्हीही त्याच्याबरोबर या. खुर्च्या उलट्या असतात त्या वेळी, एक सरळ करून देऊ.

आपला,
एक रेसिडेंट डीजे, पुणे